फ्रीजरमधल्या एमजी-१३२ ची गोष्ट

पेशीजीवशास्त्राच्या एखाद्या लॅबमध्ये तुम्ही नुकतेच रुजू झाला असाल, तर एक काम करा. उणे वीसचा फ्रीजर उघडा आणि इन्हिबिटरांचा डबा शोधा. त्यात कुठेतरी, अर्धवट पुसलेल्या मार्करच्या अक्षरात, 'एमजी-१३२' लिहिलेली एक छोटी ट्यूब नक्की सापडेल. पहिल्या वर्षी मी आमच्या सीनियरला विचारलं होतं, "यातलं एमजी म्हणजे काय?" ती जेल लोड करत होती. मान वर न करता म्हणाली, "मॅग्नेशियम असेल." पुढची दीड-दोन वर्षं मीही तेच धरून चालले होते. प्रोटिएसोम बंद करणाऱ्या रेणूत मॅग्नेशियमचं काय काम, हा प्रश्न मला पडला नाही, याची आता लाज वाटते.

एमजी म्हणजे मायोजेनिक्स. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिजमध्ये, १९९३ साली सुरू झालेली ही एक चिमुकली कंपनी. 'मायो' म्हणजे स्नायू. कॅन्सर, उपासमार, दीर्घ आजार यांत माणसाचे स्नायू झिजत जातात. ती झीज थांबवणारं औषध काढायचं, एवढाच तिचा उद्देश होता. ते औषध काही निघालं नाही. निघालं ते कॅन्सरचं औषध. कॅन्सरच्या पेशींवर ज्या घाईने आणि ज्या पुराव्यावर ते वापरायचं ठरलं, तेही पुढे पूर्ण बरोबर निघालं नाही. पण रुग्ण जगले.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी नेट-सेटसाठी हा धडा पाठ केलेला असेल: ई-१, ई-२, ई-३, मग युबिक्विटिनची साखळी, मग २६ एस प्रोटिएसोम. चार मार्कांचा प्रश्न. पाठ केलेल्या धड्यात सगळं सरळ रेषेत जातं, आणि इथे तर काहीच सरळ गेलेलं नाही. म्हणून हा लेख.

मुळात पेशीतली प्रथिनं मोडतात, याकडे कुणी फार गांभीर्याने बघतच नव्हतं. घर बांधणाऱ्यावर पुस्तकं लिहितात, कचरा उचलणाऱ्यावर कोण लिहितो? १९३० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात रुडॉल्फ शोनहायमर यांनी जड नायट्रोजन असलेली अमिनो आम्लं उंदरांना खाऊ घातली आणि दाखवलं, की शरीरातली प्रथिनं कायमची नसतात. ती सतत मोडतात आणि नव्याने बनतात. शोनहायमर १९४१ साली गेले, त्यांचं पुस्तक पुढच्या वर्षी आलं. मग १९५३ मध्ये मेल्विन सिम्प्सन यांनी यकृताच्या कापांवर प्रयोग करून एक विचित्र गोष्ट नोंदवली: पेशीतली प्रथिनं मोडायला ऊर्जा लागते.

हे विचित्र का, ते जरा थांबून बघा. पेप्टाइड बंध तोडणं ही उताराची वाट आहे. तुमच्या जठरात डाळीतली प्रथिनं पचतात, तिथे पेप्सिनला एटीपी लागत नाही. मग पेशीच्या आत तेच काम करायला एटीपी का खर्च व्हावा? फुकटात होणाऱ्या कामाला कुणी पैसे मोजत असेल, तर तो कशाचे तरी मोजत असतो. पण हा प्रश्न वीस-पंचवीस वर्षं तसाच पडून राहिला. कारण १९५५ मध्ये क्रिस्टियान द दूव्ह यांना लायसोसोम सापडला, आणि सगळ्यांना वाटलं, झालं, कचराकुंडी सापडली. पण कचराकुंडीत सगळंच सारख्या वेगाने कुजायला हवं. प्रत्यक्षात ऑर्निथिन डिकार्बोक्सिलेजसारखं एन्झाइम दहा-वीस मिनिटांत निम्मं होतं आणि हिमोग्लोबिन लाल पेशीबरोबर चार महिने टिकतं. कुणीतरी निवड करत होतं.

१९७७ मध्ये हार्वर्डमध्ये जोसेफ एटलिंगर आणि आल्फ्रेड गोल्डबर्ग यांनी ही निवड परीक्षानळीत आणली. त्यांनी घेतल्या सशाच्या रेटिक्युलोसाइट, म्हणजे पूर्ण पक्व न झालेल्या लाल पेशी. पक्व होताना या पेशी आपलं बरंचसं अंतर्गत सामान मोडून टाकतात, म्हणजे मोडतोडीची यंत्रणा तिथे जोरात असणार, असा हिशेब. पेशी फोडून मिळालेल्या द्रवात त्यांना लायसोसोमशी संबंध नसलेलं, एटीपी लागणारं प्रथिन-विघटन सापडलं. गोल्डबर्ग हे नाव लक्षात ठेवा, ते परत येणार आहे.

आता हैफा. इस्राएलच्या टेक्निऑन संस्थेत अव्राम हर्श्को यांची लहानशी लॅब होती आणि आरोन चेखानोव्हर हे त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी. तुमच्या-माझ्यासारखेच, फक्त आधी डॉक्टर झालेले. त्यांचं काम साधं होतं: या द्रवातून ते मोडणारं एन्झाइम शुद्ध करा. पहिली अडचण हिमोग्लोबिनची. सगळं लालभडक. म्हणून त्यांनी तो द्रव डीईएई-सेल्युलोजच्या कॉलममधून सोडला. हिमोग्लोबिन कॉलमला न चिकटता खाली वाहून गेलं, बाकीचं चिकटलं, मग जास्त मिठाच्या द्रावणाने ते सोडवून घेतलं. वाहून गेलेला तो फ्रॅक्शन एक आणि चिकटलेला तो फ्रॅक्शन दोन. एन्झाइम अर्थातच दोनमध्ये असणार. तपासलं, तर दोनमध्ये जवळपास काहीच क्रिया नाही. एकमध्येही नाही. दोन्ही परत एकत्र केले, तर क्रिया परत!

इथे मला माझं स्वतःचं एक पाप कबूल करायचं आहे. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एक प्रथिन कॉलमवर शुद्ध करत होते. इल्यूशनमध्ये प्रथिन छान आलं, एकच स्वच्छ पट्टी, पण क्रिया शून्य. तीन आठवडे बफर बदलले, पीएच बदलला, तापमान बदललं. शेवटी गाइड म्हणाले, "फ्लो-थ्रू दाखव." फ्लो-थ्रू मी पहिल्याच दिवशी बेसिनमध्ये ओतला होता. त्यानंतर आमच्या लॅबमध्ये माझं नाव बरेच दिवस 'बेसिन' होतं. असो.

हैफाच्या मंडळींनी तो लाल फ्लो-थ्रू ओतला नव्हता. त्यात नेमकं काय आहे, हे शोधायला त्यांनी तो चक्क उकळला. हिमोग्लोबिनचा साका खाली बसला आणि वरच्या स्वच्छ पाण्यात हवी ती क्रिया शिल्लक राहिली. उकळूनही न बिघडणारं हे छोटंसं प्रथिन. त्याला त्यांनी नाव दिलं एपीएफ-१. १९७८ मध्ये चेखानोव्हर, होड आणि हर्श्को यांचा हा निबंध बीबीआरसी नावाच्या नियतकालिकात आला, ज्याला आज आपले सहाध्यायी 'इम्पॅक्ट फॅक्टर किती?' असं विचारून नाक मुरडतील.

त्यांना वाटलं होतं, एपीएफ-१ हा एन्झाइमचा मदतनीस असेल, एखादा सुटा भाग. तपासायला त्यांनी किरणोत्सारी आयोडीन लावलेलं एपीएफ-१ फ्रॅक्शन दोनमध्ये एटीपीबरोबर सोडलं. छोटंसं प्रथिन अचानक जड झालं, म्हणजे कशाला तरी जाऊन चिकटलं. १९७९ मध्ये हर्श्को रजा घेऊन फिलाडेल्फियाला आर्विन रोझ यांच्याकडे गेले होते. तिथे त्यांनी दाखवलं, की हे चिकटणं साधंसुधं नाही. ते सहसंयोजी बंधानेच जोडलेलं आहे. आणि ते एन्झाइमला जोडलेलं नाही, ज्याला मोडायचं आहे त्या प्रथिनाला जोडलेलं आहे, एकावर एक, अनेक. एटीपी का खर्च होतो, याचं उत्तर इथे होतं. ऊर्जा तोडायला लागत नव्हती, कुणाला तोडायचं त्याच्यावर खूण करायला लागत होती. १९८० मध्ये पीएनएएसमध्ये एकामागोमाग दोन निबंध आले.

त्याच इमारतीत कीथ विल्किन्सन, मायकेल अर्बन आणि आर्थर हास हे तरुण काम करत होते. प्रथिनाला प्रथिन जोडलं जातं, हे ऐकल्यावर बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं, की असं एक उदाहरण आधीच माहीत आहे: हिस्टोन एच-२ए ला जोडलेलं एक छोटं प्रथिन. ते प्रथिन गिडिऑन गोल्डस्टीन यांना १९७५ मध्ये थायमस ग्रंथीतली संप्रेरकं शोधताना सापडलं होतं आणि ते सगळीकडेच सापडतं म्हणून त्याला युबिक्विटिन असं नाव पडलं होतं. तुलना केली. एपीएफ-१ म्हणजेच युबिक्विटिन, ७६ अमिनो आम्लांचं. एकाच प्रथिनाला दोन घरांत दोन नावं होती, आणि गाठ पडली ती दोन बेंचांमधल्या गप्पांत.

पुढचं भराभर सांगते, कारण ते तुमच्या पुस्तकात आहे. १९८३ पर्यंत हर्श्कोंच्या गटाने खूण लावणारी तीन एन्झाइमं वेगळी केली. ई-१ युबिक्विटिनला चेतवतं, ई-२ वाहून नेतं आणि ई-३ ठरवतं की खूण कुणावर लागणार. माणसात ई-१ दोनच, ई-२ चाळीसच्या आसपास आणि ई-३ सहाशेच्या वर. अलेक्झांडर वर्शाव्स्की यांच्या गटाने दाखवलं, की हे जिवंत पेशीत खरोखर घडतं. खूण लागलेलं प्रथिन चिरडणाऱ्या पिंपाला १९८८ मध्ये प्रोटिएसोम हे नाव मिळालं. त्या निबंधाच्या लेखकांत गोल्डबर्ग होते. २००४ चं रसायनशास्त्राचं नोबेल चेखानोव्हर, हर्श्को आणि रोझ यांना मिळालं. गोल्डबर्ग आणि वर्शाव्स्की बाहेर राहिले. तिघांच्या वर देता येत नाही हा नियम आहे, पण माझं मत विचाराल तर या विषयाचा इतिहास तिघांत मावत नाही.

तर गोल्डबर्ग. त्यांना सुरुवातीपासून ओढ होती स्नायूंची. हातपाय प्लास्टरमध्ये ठेवला किंवा माणूस उपाशी राहिला, तर स्नायू का आटतो? १९९० च्या सुमाराला त्यांचा तर्क असा झाला, की प्रोटिएसोमचं काम वाढल्यामुळे. मग ते थोडंसं दाबलं तर झीज थांबेल! यातून मायोजेनिक्स उभी राहिली. तिथल्या रसायनतज्ज्ञांनी तीन ल्युसिनच्या शेपटाला अल्डिहाइड जोडून रेणू बनवले, त्यांतलाच एक एमजी-१३२. हे रेणू कंपनीने विद्यापीठांतल्या संशोधकांना वापरायला दिले. बाहेर वाटल्यामुळे काय झालं बघा: प्रोटिएसोम नेमकं काय काय करतो, हे जगभरच्या लॅबांनी दोन-तीन वर्षांत शोधून काढलं. पेशीच्या पृष्ठभागावर जे पेप्टाइडचे तुकडे रोगप्रतिकार यंत्रणेला दाखवले जातात, ते प्रोटिएसोममधून येतात, हे १९९४ मध्ये याच रेणूंनी दाखवलं. त्याच वर्षी कळलं, की एनएफ-कप्पा-बी हा दाह आणि कॅन्सरशी निगडित घटक मोकळा व्हायला त्याचा पहारेकरी आधी प्रोटिएसोममध्ये मोडावा लागतो. झालं, कंपनीचं लक्ष स्नायूंवरून दाह आणि कॅन्सरकडे वळलं. नावही बदललं, प्रोस्क्रिप्ट.

पण अल्डिहाइड हे औषध होऊ शकत नाही. रक्तात ते पटकन ऑक्सिडाइज होतं आणि कॅल्पेन, कॅथेप्सिन अशा भलत्याच एन्झाइमांनाही धरतं. १९९४ मध्ये आलेले ज्युलियन अ‍ॅडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्डिहाइडच्या जागी बोरॉनिक आम्ल बसवलं. हे मला फार आवडतं. प्रोटिएसोमची कात्री म्हणजे थ्रिओनिन, आणि त्यातल्या ऑक्सिजनला बोरॉन घट्ट धरतो. कॅल्पेन-कॅथेप्सिनच्या कात्रीत गंधक असतं, गंधकाशी बोरॉनचं जमत नाही. एका अणूच्या आवडीनिवडीवर निवडकपणा मिळाला, आणि ताकद इतकी वाढली, की तीन अमिनो आम्लांऐवजी दोघांत भागलं. त्या रेणूचं नाव पीएस-३४१.

बोरॉनचं नाव काढलं, की औषधवाले तेव्हा कपाळाला आठ्या घालत. आणि कल्पना ऐकायलाच वेडगळ होती: प्रत्येक पेशीला लागणारं एक यंत्र बंद पाडायचं आणि रुग्ण वाचेल म्हणायचं. गावातली घंटागाडी बंद केली तर एकाच घराचं वाटोळं होईल आणि बाकी गाव मजेत राहील, असं म्हणण्यासारखं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या ६० पेशीप्रकारांच्या चाचणीत पीएस-३४१ चा नमुना इतर कुठल्याच औषधाशी जुळेना. म्हणजे ते काहीतरी नव्याच पद्धतीने मारत होतं. पण तोवर प्रोस्क्रिप्टचे पैसे संपत आले होते. १९९९ मध्ये ती ल्युकोसाइटने विकत घेतली आणि लगेच त्याच वर्षी ल्युकोसाइटला मिलेनियमने. मालक बदलले तसं रेणूचं बारसं होत राहिलं: एमजी-३४१, पीएस-३४१, एलडीपी-३४१, एमएलएन-३४१. जुने निबंध वाचताना हे चार वेगळे रेणू समजू नका. मी समजले होते.

मग नॉर्थ कॅरोलायनात रॉबर्ट ओर्लोव्स्की यांच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत रक्ताच्या कॅन्सरचे २७ रुग्ण होते. पहिला टप्पा म्हणजे डोस किती सोसतो एवढंच बघायचं, बरं होण्याची कुणी अपेक्षा धरत नाही. त्यांत मल्टिपल मायलोमासारख्या प्लाझ्मा पेशींच्या कॅन्सरचे पूर्ण तपासता आलेले नऊ रुग्ण होते. एकाचा आजार संपूर्ण मागे हटला, उरलेल्या आठांतही रोगाची खूण कमी झाली. नवापैकी नऊ. पुढच्या टप्प्यात तपासता आलेल्या १९३ रुग्णांपैकी ३५ टक्क्यांना गुण आला. हे असे रुग्ण होते, की ज्यांच्यावर आधीची बहुतेक सगळी औषधं करून झाली होती. मे २००३ मध्ये बोर्टेझोमिब, म्हणजे वेल्केड, अमेरिकेत मंजूर झालं.

मायलोमाच का? सुरुवातीचं उत्तर एनएफ-कप्पा-बी हे होतं, कारण औषध त्याच तर्कावर पुढे नेलं होतं. पुढे लक्षात आलं, की तेवढ्याने भागत नाही. प्लाझ्मा पेशी हा अँटिबॉडीचा कारखाना आहे. तिथे उत्पादन प्रचंड, म्हणून चुकीच्या घड्या पडलेला मालही प्रचंड, आणि प्रोटिएसोम आधीच दमलेला. घंटागाडी बंद झाल्यावर मंगल कार्यालयाची जी गत होईल ती बिऱ्हाडाची होत नाही. तर्क अर्धा चुकला, औषध बरोबर निघालं. फुप्फुस, स्तन अशा घट्ट गाठींच्या कॅन्सरमध्ये मात्र तेच औषध फारसं चाललं नाही, आणि हातापायांना मुंग्या येऊन वेदना होणारा मज्जातंतूंचा त्रास बऱ्याच रुग्णांना सोसावा लागला. २०१२ मध्ये आलेलं कार्फिल्झोमिब त्या बाबतीत बरं. त्याची सुरुवात क्रेग क्रूज यांच्या येलमधल्या लॅबमध्ये झाली, एका जिवाणूजन्य रेणूचं लक्ष्य कोणतं हे शोधताना.

इथवर सगळी औषधं यंत्र बंद पाडणारी. आता दुसरी वाट, आणि ती दुःखातून जाते.

१९५७ च्या ऑक्टोबरमध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचं एक 'निर्धोक' औषध बाजारात आलं: थॅलिडोमाइड. गरोदर बायकांना सकाळच्या मळमळीवरही ते दिलं गेलं. नोव्हेंबर १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत जगभर दहा हजारांहून अधिक मुलं हातपाय अपुरे किंवा नसलेले अशी जन्मली होती, आणि जी जन्मण्याआधीच गेली ती वेगळीच. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या एफडीएच्या अधिकारी बाईंनी पुरावा अपुरा आहे म्हणून फाइल अडवून धरली, म्हणून तिथली हानी फारच कमी राहिली. कंपनी वारंवार तगादा लावत होती, बाई कागद मागत राहिल्या.

औषध मेलं असं सगळ्यांनी धरलं. पण १९६४ मध्ये जेरुसलेमला जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोगातल्या वेदनादायक गाठींनी झोप उडालेल्या एका रुग्णाला कपाटातलं थॅलिडोमाइड दिलं, केवळ झोप लागावी म्हणून. झोप लागली आणि गाठीही बसल्या. या कुष्ठरोग-प्रतिक्रियेसाठी अमेरिकेने त्याला १९९८ मध्ये, कडक निर्बंधांसह, मान्यता दिली. १९९९ मध्ये अर्कान्सासच्या डॉक्टरांनी ते मायलोमाच्या ८४ रुग्णांना देऊन बघितलं. गाठींना रक्तपुरवठा तोडेल, हा तर्क. ३२ टक्क्यांना गुण आला. त्याची सुधारित भावंडं निघाली, लेनालिडोमाइड त्यांतलं सगळ्यात नावाजलेलं. आणि हे सगळं चालू असताना थॅलिडोमाइड पेशीत नक्की कुणाला धरतं, हे कुणालाच माहीत नव्हतं.

ते शोधलं टोकियोत ताकुमी इतो आणि हिरोशी हांदा यांच्या गटाने, २०१० मध्ये. पद्धत तुमच्या-माझ्या आवाक्यातली: बारीक चुंबकीय मण्यांवर औषध बांधलं, त्यांवरून पेशींचा अर्क सोडला, धुतलं आणि काय चिकटून राहिलं ते बघितलं. चिकटलं सेरेब्लॉन. आणि सेरेब्लॉन हा निघाला एका ई-३ चा भाग! औषध न धरणारं बदललेलं सेरेब्लॉन झेब्राफिशमध्ये घातलं, तर थॅलिडोमाइड देऊनही पर नीट वाढले.

२०१४ मध्ये बॉस्टनच्या दोन गटांनी पुढचं दार उघडलं. थॅलिडोमाइडची भावंडं सेरेब्लॉनला बंद पाडत नाहीत, त्याची नजर बदलतात. औषध बसलेलं सेरेब्लॉन एरवी ज्यांच्याकडे बघत नाही, त्या इकारोस आणि आयोलोस या प्रथिनांना पकडून त्यांच्यावर मरणाची खूण लावतं. मायलोमाच्या पेशी नेमक्या त्यांच्यावर जगतात. म्हणजे शेजाऱ्याची चांगली खुर्ची गुपचूप घंटागाडीत टाकण्याचा प्रकार. आणि २०१८ मध्ये कळलं, की त्याच पद्धतीने एसएएलएल-४ हे प्रथिनही मोडलं जातं. त्याचं जनुक बिघडलेली माणसं हाताच्या दोषांसह जन्मतात. १९६१ चा प्रश्न, २०१८ चं उत्तर, मध्ये ५७ वर्षं. केल्सी २०१५ मध्ये, १०१ वर्षांच्या होऊन गेल्या; हे उत्तर त्यांच्या हयातीत आलं नाही. उंदरांत हे दोष का दिसत नाहीत, त्याचं एक मोठं कारणही सापडलं: उंदराच्या सेरेब्लॉनमध्ये एक अमिनो आम्ल वेगळं आहे. एक. प्राण्यांवरच्या चाचणीचा अहवाल वाचताना हे आठवत जा.

आता व्हायवात विचारण्यासारखा प्रश्न. लेनालिडोमाइडला काम करायला प्रोटिएसोम हवा आणि बोर्टेझोमिब तोच बंद करतं. मग मायलोमात दोन्ही एकत्र दिली जातात आणि गुणही येतो, हे कसं? एक स्पष्टीकरण वेळेचं आहे: बोर्टेझोमिबचा डोस दिल्यावर रक्तातल्या प्रोटिएसोमची क्रिया घसरते आणि दोन-तीन दिवसांत सावरते, म्हणून तर ते मूळ वेळापत्रकात पहिल्या, चौथ्या, आठव्या आणि अकराव्या दिवशी देतात. शिवाय ते यंत्र पूर्ण कधीच बंद होत नाही.

थॅलिडोमाइडने जे नकळत केलं, ते जाणूनबुजून करता येईल का? मजा म्हणजे हा विचार सेरेब्लॉन सापडण्याआधीचा आहे. २००१ मध्ये कॅथलीन साकामोतो, क्रेग क्रूज आणि रेमंड डेशेज यांनी एक दोन तोंडांचा रेणू बनवला. एक तोंड नको असलेल्या प्रथिनाला धरणारं, दुसरं ई-३ ला, मध्ये दोरी. नाव प्रोटॅक. पहिला प्रोटॅक इतका बोजड होता, की पेशीत शिरणं शक्यच नव्हतं. प्रयोग बेडकाच्या अंड्यांच्या अर्कात केले. 'कल्पना गोड आहे, पण औषध कधी होणार?' असं म्हणायला भरपूर जागा होती. २००८ मध्ये पेप्टाइडविना पहिला प्रोटॅक आला, २०१२ मध्ये व्हीएचएल या ई-३ साठी नीट छोटा हुक सापडला, आणि २०१५ मध्ये जेम्स ब्रॅडनर यांच्या गटाने दुसऱ्या तोंडाला चक्क थॅलिडोमाइडचाच तुकडा लावून बीआरडी-४ हे प्रथिन पेशींतून नाहीसं केलं.

नेहमीच्या औषधाला प्रथिनाची चावीची जागा लागते आणि तिथे सतत बसून राहावं लागतं. प्रोटॅकला नुसता हात धरता आला तरी पुरतं. प्रथिन गेलं की तो मोकळा, पुढच्याकडे जातो. गंमत अशी, की डोस फार वाढवला तर परिणाम कमी होतो. एक रेणू प्रथिनाला धरून बसतो, दुसरा ई-३ ला, आणि दोघांची गाठ घालून द्यायला कुणी उरत नाही. पहिल्यांदा असा उलटा वळणारा आलेख दिसला, तर पिपेटला दोष देऊ नका.

२०१९ मध्ये पहिला प्रोटॅक माणसांना देण्यात आला, प्रोस्टेट कॅन्सरमध्ये. २०२५ मध्ये स्तनांच्या कॅन्सरवरच्या व्हेपडेजेस्ट्रंटच्या तिसऱ्या टप्प्याचे निकाल आले. इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या जनुकात विशिष्ट बदल असलेल्या रुग्णांत आजार थोपवून धरण्याचा काळ जुन्या औषधाच्या २.१ महिन्यांवरून ५ महिन्यांवर गेला. सगळ्या रुग्णांचा एकत्र विचार केला, तर ठळक फरक दिसला नाही. आणि सहाशेच्या वर ई-३ असताना बहुतेक काम अजून सेरेब्लॉन आणि व्हीएचएल या दोघांवरच चालू आहे. विषय शोधत असाल, तर इथे जागा रिकामी आहे.

आता फ्रीजरकडे परत. समजा तुम्ही एखादा नवा रेणू पेशींना दिला आणि तुमचं प्रथिन वेस्टर्न ब्लॉटमध्ये दिसेनासं झालं. ते प्रोटिएसोममध्येच गेलं, की त्याचं बनणंच थांबलं? पहिली तपासणी काय करतात माहीत आहे? सोबत एमजी-१३२ घालतात. पट्टी परत आली, तर वाट प्रोटिएसोमचीच. फक्त चार-सहा तासांवर नेऊ नका, पेशी मरायला लागतात आणि मग काहीही दिसू शकतं. तो कॅल्पेनलाही धरतो, म्हणून जोडीला बोर्टेझोमिब किंवा कार्फिल्झोमिबचा एक वेल ठेवा. डीएमएसओचा कंट्रोल विसरू नका. आणि ट्यूब परत ठेवताना अक्षरं पुसली असतील, तर नवं लेबल लावा.